पाठवलेली माणसं

खिडकीपलीकडच्या कारकून बाईने कागद फिरवून तिच्याकडे केला, एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "आई-वडील दोघंही स्थलांतरित, कायम वास्तव्यासाठी आलेले. बरोबर ना?" तिने मान हलवली. थोडी हसलीसुद्धा. कागदांवरच्या चुका तिच्या सवयीच्या होत्या. तिच्या आडनावाची या देशात तीन तऱ्हांनी वाट लागायची आणि ती तिन्ही तऱ्हांना 'हो' म्हणायची. पण ही चूक वेगळी होती. ही जागच्या जागी दुरुस्त करायची असते, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. "नाही," ती इथल्या भाषेत म्हणाली, जन्मापासून बोलत आलेल्या स्वच्छ उच्चारात, "ते नेमणुकीवर होते. कंपनीने पाठवलं होतं त्यांना." बाईने चष्म्यावरून पाहिलं. "तसं इथे काही नाही." "मग तुमच्याकडे चुकलं असेल." "चुकतं की, आमच्याकडेही चुकतं," बाई अजिबात न रागावता म्हणाली, "पण सही आमची नसते." आणि तिने कागदाचं पान उलटलं. खाली बाबांची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून रेघ मारत जाणारी, तिच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं झालेली तीच सही. तिच्याखाली आईची, एकेक अक्षर सुटं, पाटीवर गिरवल्यासारखी. तारीख तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. तिच्या मुलीला, चिंगीला, मोठ्या शाळेत घालायचं होतं, त्यासाठी मुलाच्या आईच्या जन्मनोंदीची प्रत लागते म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, आणि प्रतीबरोबर हा दुसरा कागद टाचून आला होता, न मागता. "पर्स तिथे हुकाला लावा ना," बाई म्हणाली, "आणि इथे सही करा, मिळाली म्हणून." "राहू दे," ती म्हणाली. पर्स कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये दाबून धरून तिने सही केली. ती वाकडी आली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं आणि तिला कुठे जायचं ते आठवेना. बत्तीस वर्षांच्या बाईला आपण कुठे जायला निघालो ते आठवू नये, याची तिला आधी लाज वाटली, मग भीती. स्थलांतरित. हा शब्द तिच्या घरात कधीही मराठीत बोलला गेला नव्हता. बाबा तो इथल्या भाषेतलाच वापरत, दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ मिशीने उचलावं तसा, जणू मराठीत आणला तर तो उंबऱ्याच्या आत आला असता. मराठीत त्यांनी त्याच्यासाठी साधे दोन शब्द केले होते. "हे बघ बाळ, इथे बाहेरची माणसं दोन जातीची. एक आलेली आणि एक पाठवलेली. खालच्या मजल्यावरची आलेली. कोपऱ्यावर भांडी घासतो तो आलेला. आपण पाठवलेले." तिला वाटायचं, 'पाठवलेलं' म्हणजे पार्सलसारखं काहीतरी: नीट बांधलेलं, वर नाव असलेलं, ज्याची कुणीतरी वाट बघतंय आणि जे चुकीच्या पत्त्यावर आलं तर मानाने परत जातं. आलेल्यांचं तसं नाही. आलेल्यांना परत कोण घेणार? आलेली माणसं मोठ्याने बोलतात, हातपाय पसरतात, भिंतीला खिळे ठोकतात. आपण खिळे ठोकत नाही. आपण नेमणुकीवर आहोत.

म्हणून त्यांच्या घरात सगळं घडीचं होतं. खुर्च्या घडीच्या, टेबल घडीचं, आईबाबांचा पलंगसुद्धा दोन भागांचा, मधल्या बिजागरीचा, जिच्यावर ती तापात मध्ये झोपायची तेव्हा पाठीला ती थंड पट्टी लागायची. ती पट्टी तिला आत्ता, या पायऱ्यांवर, पाठीत जाणवली. आईला एक कपाट हवं होतं. लाकडी, जड, आतून आरसा असलेलं. रस्त्यापलीकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात ते उभं होतं आणि आई दुकानावरून जाताना चालणं हळू करायची. "जाताना काय डोक्यावर घेऊन जाणारेस?" बाबा म्हणायचे. आई म्हणायची, "नाही बाई, कुठलं डोक्यावर," आणि हसायची, आणि घरी येऊन भाजी चिरताना तिचे डोळे ओले असायचे. कांदा नसतानाही. कपाट शेवटी कुणीतरी घेतलं. आईचे कपडे शेवटपर्यंत दोन सूटकेसमध्ये राहिले. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ते आवरायलाही लागले नाहीत, नुसतं झाकण लावलं. तेव्हा बिल्डिंगच्या जिन्यात ढसाढसा रडताना तिने बाबांच्या कंपनीला शिव्या घातल्या होत्या, जी माणसांना पाठवते आणि परत बोलवायला विसरते.

आणि मुदतवाढ. वर्षातून एकदा, थंडी उतरायला लागली की, बाबा कामावरून येताना पिवळा लिफाफा घेऊन यायचे. त्या दिवशी कुणी काही बोलायचं नाही. हातपाय धुऊन, चष्मा पुसून ते घडीच्या टेबलाशी बसायचे. ती आणि आई समोर. पलंगाखालची ट्रंक आईने सकाळीच बाहेर ओढून ठेवलेली असायची, न जाणो. बाबा लिफाफा फोडायचे, आतला कागद अर्धा उघडायचे, स्वतःशी वाचायचे, घसा साफ करायचे आणि मग इथल्या भाषेतून मराठी करत संथ, जड आवाजात वाचायचे: "आपली सेवा कंपनीस अद्याप आवश्यक असल्याने आपली मुदत आणखी एक वर्षाने वाढवण्यात येत आहे." की आईचा श्वास सुटायचा. ट्रंक परत आत जायची. त्या रात्री काहीतरी गोड असायचं आणि ती, पाच वर्षांची, सात वर्षांची, अकरा वर्षांची, अंथरुणात पडून हिशेब करायची की एक वर्ष म्हणजे किती झोपा. त्या मापाने ती जगली. सायकल नको, एका वर्षात उंची वाढेल आणि न्यायची कशी. गाण्याच्या वर्गाला नाव नको, तो तीन वर्षांचा असतो. मैत्रीण एवढीच, की जिला सोडून जाता येईल.

पाय आपोआप निघाले होते. दवाखान्यात, कामावर, जायचं असतं तर ते डावीकडे वळले असते. ती कान तपासायची. दिवसभर एका बंद खोलीच्या काचेबाहेर बसायची. आत माणूस, त्याच्या कानांवर जाड हेडफोन, भिंतींना मऊ गाद्या. ती एक कळ फिरवायची आणि आतल्याला बारीक आवाज ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. एवढंच काम. पण सात वर्षांत तिला कळलं होतं की माणसं खोटी बोटं वर करतात. लबाडीने नाही. भीतीने. आवाज आलेला नसतो, पण आता यायला हवा होता असं त्यांना वाटतं आणि बोट उठतं. ते बोट तिला लगेच ओळखू यायचं. खरं बोट विचार न करता उठतं. खोटं बोट आधी तिच्या तोंडाकडे बघतं. डॉक्टर गमतीने म्हणायचे, "हिच्यापुढे खोटं नाही चालायचं, ही कानातलं वाचते." आणि घडीच्या टेबलाशी बसलेला माणूस वाचायच्या आधी दरवर्षी चष्म्यावरून एकदा त्यांच्या तोंडांकडे बघायचा. ते तिने बघितलं होतं. दरवर्षी बघितलं होतं.

टाचणी आठवली तेव्हा ती रस्ता ओलांडत होती, आणि मधल्या दुभाजकावर थांबावं लागलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी, बारीक, उंच, कॉलरला नेहमी दोन-चार टाचण्या खोचलेल्या, कारण आई तोंडातल्या टाचण्या तिच्या कॉलरवर ठेवायची. दुसऱ्याच कुठल्यातरी देशातली. त्या दोघी एकमेकींशी इथल्या भाषेत बोलायच्या आणि जिन्याच्या वळणावर, जिथे दोन्ही घरांतून हाक ऐकू यायची, तिथे बसायच्या. तेव्हा ती स्वतः नऊ वर्षांची असेल. शाळेच्या सभागृहात मोठ्या बाईंनी सांगितलं, यंदा आपण दुसऱ्या देशांतून आलेल्या मुलांचं स्वागत करणार आहोत, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांनी वर या. टाचणी पहिली चढली. चढून तिने शेजारी एका माणसाची जागा सोडली आणि हात पुढे केला, तळवा वर, ये म्हणून. ती स्वतः बाकावर बसून राहिली. मोठ्या बाईंनी प्रेमाने नाव घेऊन बोलावलं, तशी ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही स्थलांतरित नाही. आम्ही नेमणुकीवर आहोत." सभागृह हसलं. टाचणीचा हात लगेच खाली आला नाही. तो हळूहळू, मध्येच काहीतरी दुसरं काम असल्यासारखा कॉलरपर्यंत गेला, एक टाचणी काढली, परत तिथेच खोचली. त्यानंतर जिन्याच्या वळणावर कुणी बसलं नाही. त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं तेव्हा बाबांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. नऊ वर्षांच्या घोडीला. "शाब्बास! माझी वाघीण!" छताला डोकं लागेल म्हणून ती मान वाकवून बसली होती आणि खालून आई बघत होती. आयुष्यात वडिलांच्या खांद्यावर बसल्याची तिची तेवढी एकच आठवण. ती तिने इतकी वर्षं जपून ठेवली होती, मुलीला सांगितली होती, आणि आता दुभाजकावर, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना, ती न बोलावता वर आली.

आणि तिच्यामागून चिंगीची बॅग. गेला महिनाभर तिच्या मनावर दुसरं ओझंच नव्हतं. बालवाडीच्या बाईंनी एकदा थांबवून हळूच सांगितलं होतं, "तुमची मुलगी बॅग खुंटीला लावत नाही. मांडीवर घेऊन बसते. चित्र काढतानासुद्धा. आम्ही जबरदस्ती करत नाही, पण खेळायला उठतच नाही हो ती. उठलं की बॅग घ्यावी लागते ना." चिंगी साडेचार वर्षांची. मुलीला सोडल्यावर ती रोज बाहेरून खिडकीच्या काचेतून बघायची. बाकीची पोरं माकडांसारखी लोंबकळतायत आणि आपलं एक कोपऱ्यात, मांडीवर पिवळी बॅग, बॅगेवर दोन हात, दाराकडे डोळे. स्टेशनवर बसल्यासारखं. तिने बालरोगतज्ज्ञाला दाखवलं. चिंगीचे कान स्वतः तपासले, दोनदा. नवरा म्हणाला, "अगं, बॅग आवडत असेल तिला. मी लहानपणी पायमोजा घेऊन झोपायचो, काही वाईट झालं का माझं?" आता, दुभाजकावर, तिला वाटलं तिला कळलं. चिंगीला दुपारी एक वाजता आणायला कोण जातं? संध्याकाळपर्यंत कोण सांभाळतं? बाबा. म्हणजे ते अजून वाचतायत. नवी श्रोती मिळालीये त्यांना.

बाबांचं घर दोन रस्ते पलीकडे, तेच, घडीचं. साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे ते चिंगीला आणायला निघालेले. तिच्याकडे किल्ली होती. आत नेहमीसारखा तेलाचा वास, यंत्राच्या तेलाचा, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. घरात तसं म्हणत नसत. घरात ते "कंपनीचा माणूस" होते, आणि लिफ्टचा माणूस एवढ्या लांबून कोण कशाला पाठवेल, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. घरातल्या देवाचं वय कोण विचारतं? तिने पलंगाखालून ट्रंक ओढली. ट्रंकेला हात लावायचा नसे. ती निघायच्या दिवसाची होती. कडी नुसतीच अडकवलेली होती. आत घरी परतण्याचे कपडे असतील, कागदपत्रं असतील, निदान एखादं तिकीट. आत एक जुनी चादर होती, आणि चादरीखाली पिवळे लिफाफे, दोऱ्याने बांधलेले. तिने पहिला उघडला. छापील पत्रक होतं, कंपनीचं, चित्रांसकट. लिफ्ट अडकल्यास काय करावे. घाबरू नये. दार हाताने उघडण्याचा प्रयत्न करू नये. उड्या मारू नयेत. घंटा दाबून मदत येईपर्यंत शांतपणे थांबावे. तिने दुसरा उघडला. तेच. चित्रातल्या माणसाची टोपी तेवढी बदलली होती. पाचवा. अकरावा. सगळ्या कामगारांना दरवर्षी वाटायचं पत्रक, घड्या जिथे पडल्या तिथे झिजलेलं. कधीतरी मधल्या वर्षांत चित्रातल्या माणसाशेजारी एक लहान मुलगी आली होती, त्याचा हात धरून उभी, अडकलेली, हसरी.

जिन्यावर चिंगीचा आवाज आला आणि मग दार. बाबांच्या एका हातात चिंगीचा हात, दुसऱ्यात पावाची पिशवी. त्यांनी ट्रंक पाहिली, तिला पाहिलं. "कुलूप तोडलंस?" त्यांनी विचारलं.

"कुलूपच नव्हतं."

"हो. हरवलं ते कधीच." ते आत आले, पाव ठेवला, चिंगीला पलंगावर बसवलं. चिंगीने बॅग पाठीवरून काढून मांडीवर घेतली. "आई, तू आज कामावर नाही गेलीस?" "नाही बाळा." "मग आपण कुठे जायचंय?" "कुठे नाही. संत्रं खा, आजोबा सोलतात."

बाबा खरंच सोलायला लागले. तिने पर्समधून कागद काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला नाही. दुरून सहीकडे बघितलं आणि संत्र्याकडे वळले.

"कुणी पाठवलं होतं तुम्हाला बाबा?"

"कुणी नाही."

"मग हे काय होतं?" तिने एक पत्रक टेबलावर टाकलं. "वाचा ना. मोठ्याने वाचा. किती छान वाचायचात. आई श्वास रोखून बसायची."

"हळू बोल. पोर घाबरेल."

"घाबरू नये," ती म्हणाली, "उड्या मारू नयेत. पाठ झालंय माझं."

त्यांनी एका फोडीच्या शिरा काढल्या. मग बोलले ते तिच्याशी नाही, सालांशी. "आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, ते म्हणाले होते, आपल्या पायांनी गेलास तर तुझ्यावर पाणी सोडलं समज. नोकरीच पाठवत असेल तर गोष्ट वेगळी, चाकरीपुढे इलाज नाही. मग मी म्हटलं, पाठवतायत. दोन वर्षांसाठी. ते सगळ्या गावाला सांगत सुटले, पोराला पाठवलंय म्हणून. दोन वर्षांनी पत्र आलं, कधी येतोस. मी लिहिलं, मुदत वाढवली. ते खूश. माझ्याशिवाय कंपनीचं चालत नाही म्हणाले. चांगलं चाललं होतं."

"अण्णा जाऊन बावीस वर्षं झाली."

"हो." त्यांनी फोड चिंगीच्या हातात दिली. "पण तोवर आपल्यालाही बरं वाटायला लागलं होतं ना. पाठवलेल्याला कुणी विचारत नाही बाई, का आलास म्हणून. आलेल्याला रोज विचारतात. दुकानात विचारतात, बसमध्ये विचारतात. तोंडाने नाही विचारलं तर डोळ्यांनी विचारतात. मी वाट बघायचो त्या दिवसाची. वाचताना मलाच खरं वाटायचं."

"आणि आई? ती तर कपाटासाठी रडायची. तुम्ही तिला पण..." तिला वाक्य पुरं करता येईना, कारण सही समोर होती.

"तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तू मोठी झालीस तेव्हा मी म्हटलं, सांगून टाकू. मुदतवाढ बंद करू. कपाट घेऊ. तीच नको म्हणाली. म्हणाली, त्या शाळेतल्या प्रकारानंतर पोर कशी ताठ चालते बघा, खालच्या टाचणीसारखी भिंतीला घसटून चालत नाही. तेवढं राहू दे तिला. मी कपाटावाचून मरत नाही."

मग आईचा श्वास? तो सुटायचा त्याचं काय? ती दरवर्षी सकाळी उठून, वाकून, कमरेत कळ येत असताना ट्रंक बाहेर ओढायची, ते? बाबांवर रागावणं सोपं होतं. बाबा सिनेमातल्यासारखे दिसत होते, म्हातारे, सापडलेले. पण आई. आईने तिच्या समोर बसून, तिचा हात हातात घेऊन, दरवर्षी नव्याने काळजी केली होती. खोटं बोट. आणि ते बोट एकदाही तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"मला कुणी पाठवलं नव्हतं बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "मी आलेलीही नव्हते. मी इथेच होते. तुम्ही दोघांनी मिळून मला बत्तीस वर्षं जिन्यात उभी ठेवलीत."

"तुला काय कमी केलं आम्ही?"

"आणि आता हिला. हिला कशाला? ती बॅग सोडत नाही, खेळत नाही, दाराकडे बघत बसते. काय सांगितलंत तिला? किती वर्षांनी वाढवलीत तिची मुदत?"

"मी?" बाबांचा हात थांबला. "मी तिला यातलं एक अक्षर बोललो नाही. तुझ्या आईची शपथ."

"कुठल्या आईची? सहीवाल्या?"

हे लागलं. त्यांनी साल टेबलावर ठेवलं, बोटं पुसली, एकेक. मग अगदी साध्या, कामावरच्या आवाजात, बिघाड कुठे आहे ते दाखवावं तसं ते म्हणाले, "तू येऊन अर्धा तास झाला असेल. बसली नाहीस. तुझी पर्स बघ कुठे आहे."

तिने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. पट्टा खांद्यावर होता, पर्स काखेखाली, कोपर तिच्यावर घट्ट. ट्रंक उघडतानाही होती. दवाखान्यात सगळ्याजणी कपाटात ठेवतात. ती मांडीवर ठेवते, सात वर्षं. लग्नाच्या फोटोत. बाळंतपणात उशाशी. घरी जेवताना खुर्चीला नाही, पायांत. कारकून बाईने हूक दाखवला होता. तिने पलंगाकडे बघितलं. चिंगी बॅगेवर कोपर ठेवून संत्रं खात होती. अगदी त्याच कोनात ठेवलेलं, आतल्या बाजूला दाबलेलं लहानसं कोपर.

"आईसारखी," चिंगी म्हणाली, कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय हे कळून, खूश होऊन.

राग कमी झाला नाही. त्याला बसायला जागा तेवढी उरली नाही. तो घरभर उभा राहिला. तिने चिंगीचा हात धरला. दारात बाबा म्हणाले, "उद्या आणायला येऊ का मी? एक वाजता?" लहानपणी ते घरात शिरल्यावर तिला जे भय वाटायचं, की आज पिवळा लिफाफा असेल, ते तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, मुदत किती म्हणून. तिला ते दिसलं आणि तरीही तिने उत्तर दिलं नाही. खाली उतरताना जिन्याच्या वळणावर चिंगी बसली, बूट नीट करायला, आणि ती तिच्याजवळ उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं आता.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि शिट्टी वाजवली. "कमाल आहे तुझ्या बाबांची! आणि मला दहा वर्षं टोमणे मारतात, जावई काय, आलेले आहेत. मी आहेच आलेला. माझ्या पायांनी, पाच किलो जास्त सामान घेऊन." ती हसली नाही तशी त्याने भांडी घासायला घेतली. शाळेच्या अर्जावर एक चौकट होती: आईच्या आई-वडिलांचा दर्जा. तिने लहानपणापासून अशा चौकटीत काय लिहायचं ते इतक्या वेळा लिहिलं होतं की पेन स्वतःच पहिलं अक्षर काढायला वळलं. तिने ते थांबवलं. मग शब्द लिहिला, सबंध, स्वतःच्या अक्षरात, बाबांसाठी एकदा आणि आईसाठी एकदा. काहीच झालं नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तिला वाटलं होतं, तो शब्द लिहिताना हात भाजेल. तो इतर शब्दांसारखाच होता, थोडा लांब. त्याच्यापायी एका मुलीचा पुढे केलेला हात हवेत राहिला होता.

सकाळी बालवाडीत नेहमीचा गोंगाट होता, ओल्या कोटांचा आणि खडूच्या रंगांचा वास. खुंट्यांवर नावांऐवजी चित्रं. चिंगीच्या खुंटीवर किटली. किटली महिनाभर रिकामी होती. ती चिंगीजवळ उकिडवी बसली. "बॅग इथे लावायची आज?" चिंगीने मान हलवली, नाही. "का?" चिंगीने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. एवढंही कसं कळत नाही. "मग बॅग कोण बघणार?"

तिच्या स्वतःच्या आईकडे याचं उत्तर असतं. तिच्या आईने हात हातात घेऊन असं काहीतरी सांगितलं असतं की जे आयुष्यभर पुरलं असतं. ती उठली. खांद्यावरून पट्टा काढला. तो आधी निघेना, कोटाच्या कॉलरमध्ये अडकला. पर्समध्ये सगळं होतं: घरची किल्ली, बसचा पास, फोन, शाळेचा अर्ज, जन्माचा कागद. तिने पर्स किटलीवर लावली. खुंटी लहान मुलांच्या उंचीची, म्हणून पर्स जमिनीला जवळजवळ टेकली. चिंगी बघत होती.

"विसरशील," चिंगी म्हणाली.

"नाही. एक वाजता मीच येणारे न्यायला."

"कुणी घेतली तर?"

"बघू."

चिंगीने बॅग सोडली नाही. पण ती पर्सपाशी गेली, जवळ, आणि तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसली, राखण करायला. तिथून खेळाची जागा चार पावलांवर होती, कोपऱ्यापासून पंधरा. ती स्वतः आणखी थांबली नाही. थांबली असती तर पर्स काढून घेतली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. काचेतूनही बघितलं नाही. रस्त्यावर थंड वारा होता आणि पास नसल्यामुळे दवाखान्यापर्यंत चालत जावं लागणार होतं. दहा पावलांवर तिचं कोपर सवयीने आत दाबलं गेलं. तिथे काही नव्हतं, नुसती बरगडी. ती तशीच चालत राहिली. हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ते दोन्ही बाजूंना मोकळे लोंबत होते.